संक्रांतीचा काळा कुर्ता आणि अर्धा किलोवर मीठ: नैसर्गिक रंगाने खरंच नदी वाचते का?

शेडमास्तर

परवा बायकोबरोबर पुण्यात एका प्रदर्शनाला गेलो होतो. एका स्टॉलवर पाटी, 'केमिकल नाही, नदीला त्रास नाही', आणि खाली डाळिंबाच्या सालीत रंगवलेला पिवळा कुर्ता 3,200 रुपयांना. कुर्ता छान होता, नाही म्हणत नाही. पण मी इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेसच्या लॅबमध्ये अकरा वर्षं शेड मॅचिंग (रंगछटा जुळवणं) केलंय, त्यामुळे ती पाटी काही पचली नाही. माझं मत सरळ आहे, नैसर्गिक रंगाने नदी वाचणार नाही, मिठाबद्दल बोलायला लागलो तर कदाचित वाचेल.

मीठ कुठून आलं म्हणाल. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशीच जोडल्या जाणाऱ्या) रंगात रंगवताना रंग पाण्यातच रमतो, कापडाकडे यायला राजी नसतो, त्याला तिकडे ढकलायला मीठ टाकतात आणि मग सोडा अ‍ॅश टाकून पक्का करतात. संक्रांतीच्या आधी आमच्याकडे काळ्याचे लॉटच्या लॉट यायचे. गडद काळ्याला लिटरमागे 80 ग्राम मीठ, किलोभर कापडाला मशीनमध्ये 8 लिटर पाणी धरा, म्हणजे झालं 640 ग्राम. एका किलो कापडाला! ते कापडात राहत नाही, सगळं धुऊन बाहेर. रंगाचंही तेच, 100 ग्राम टाकला तर 25-30 ग्राम पाण्याशीच संसार थाटून मोकळा होतो, तो काढायला वर चार-पाच पाणी, त्यातलं एक साबणाचं उकळतं. ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरणात) रंग बराच काढता येतो, बाकीची घाण जिवाणू खातात, मीठ मात्र कोणी खात नाही, त्याला आरओच लागतो.

आणि उपाय आहे हो, जुनाच आहे, कोल्ड पॅड बॅच. कापड रंगात बुडवून रोलरमधून पिळायचं, रोल गुंडाळायचा, वरून प्लॅस्टिक आणि रात्रभर सावकाश फिरत ठेवायचा. फिरवायचा अशासाठी की नाहीतर रंग खालच्या अंगाला उतरतो. मीठ शून्य, बाथ म्हणजे रंगाचं पाणी तापवायचीही गरज नाही. एवढं असून आपण चर्चा कसली करतो तर बीटाची. बीटाचा रंग दुसऱ्या धुण्याला पण टिकत नाही बाबांनो.

हिरडा_तुरटी

दादा, तो स्टॉल माझा नव्हता, पण असता तरी हेच बोलले असते. बीट वापरणारे हौशी लोक, आम्ही नाही. माझ्याकडे काळा असा होतो: कापड आधी हिरड्यात भिजवून वाळवायचं, पिवळट होतं. एका मडक्यात गंजके खिळे, गूळ आणि पाणी, दोन-तीन आठवडे आंबवायचं, वर फेस येतो, वास असा की शेजारीण विचारते काय मेलंय. त्या पाण्यात हिरड्याचं कापड घातलं की डोळ्यांदेखत राखाडी, मग काळं. ना तुमचं 640 ग्राम मीठ, ना उकळता साबण. बाकीच्या रंगांना पकड द्यायला तुरटी लागते, त्या बाथचं उरलेलं पाणी सुद्धा मी फेकत नाही, त्यातच तुरटी वाढवून पुढचं कापड करते.

आणि मुद्दा नुसता केमिकलचा नाहीये. 3,200 देणारी बाई वर्षाला दोन कुर्ते घेते, 400 वाली दहा घेते आणि दिवाळीत पोतं भरून देऊन टाकते. हे तुमच्या लॅबमधल्या हिशोबात कुठे बसतं?

शेडमास्तर

ताई, मडक्याला नमस्कार. पण लोखंडाच्या काळ्याची एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. जुनी छापील कापडं बघा, लाल भाग शाबूत आणि काळ्या रेघा जाळी होऊन झडलेल्या, लोखंड सुती धागा खातं. दुसरं म्हणजे वजन. एक किलो कापड चांगलं लाल करायचं तर मंजिष्ठा अर्धा किलोच्या पुढेच लागते, आमचा मध्यम शेडचा रंग 20-30 ग्राम. एका गावाचे कपडे रंगवायचे म्हटले तर रान किती उपटायचं? आणि नैसर्गिक म्हणून रंग पकडायला मोरचूद नाहीतर बायक्रोमेट (क्रोमियमचा विषारी क्षार) घालणारे पण मी पाहिलेत.

नीळ तर गंमतच. झाडाच्या निळीतला जो निळा तोच कारखान्यातल्या निळीतला, रेणू एकच, 1897 पासून बाजारात आहे. फरक पडतो तो नीळ विरघळवायला तुम्ही हौद हायड्रोने (सोडियम हायड्रोसल्फाइटने) उतरवता का गूळ-चुन्याने त्यात.

हिरडा_तुरटी

बायक्रोमेट घालणाऱ्याला मी पण दारात उभं करत नाही. लोखंडाचं खरंय, म्हणून मडक्यातलं पाणी पातळ करून वापरते आणि नंतर भरपूर धुते. निळीचं मान्य, हौद मी गूळ-चुन्याचाच लावते. पण मी गावाला कपडे पुरवायला निघालेच नव्हते!

कच्छफिरस्ता

मध्येच बोलतो. धुणं दोघांनाही चुकत नाही. कच्छमधल्या अजरखवाल्यांचं (ठशांनी कापड छापणाऱ्यांचं) बघा, रंग नैसर्गिक, पण कापड पुन्हा पुन्हा वाहत्या पाण्यात धुवावं लागतं. धमडक्याची नदी आटली, 2001 च्या भूकंपानंतर विहिरीच्या पाण्यात लोह वाढलं आणि लाल मळकट यायला लागला. शेवटी बरीच कुटुंबं उठून भुजजवळ गेली, नवं गाव वसवलं, अजरखपूर. आपल्याकडे रंगामुळे नदीचं काय होतं एवढंच बोलतात, पाण्यामुळे रंगाचं काय होतं ते त्यांना विचारा.

खालच्या_अंगाचा

मी शिरोळ तालुक्यातला, पंचगंगेवर इचलकरंजीच्या खालच्या अंगाला. तुमचं मडकं आणि तुमचा रोल दोन्ही जरा बाजूला ठेवा. उन्हाळ्यात पंचगंगेला फेस आणि जलपर्णी, मासे पोट वर करून, हे सगळं सहन करून वरून ऐकायचं की प्रोसेसवाला म्हणतो सांडपाणी शहराचं आहे, शहर म्हणतं कारखान्याचं आहे. मी सगळं रंगवाल्यांवर ढकलत नाही, आमची रानं क्षारपड झाली त्यात आमच्या ऊस-पाण्याचाही हात आहे, पाटाने नुसतं सोडायचं म्हणजे सोडायचं. पण आधीच मिठाने पांढऱ्या पडलेल्या रानाला वरून तुमचं 640 ग्राम नको. त्यामुळे शेडमास्तर, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. फक्त एवढं माहीत होतं तर अकरा वर्षं काय करत होता?

तिरुपूरचा_मराठी

मी इथे गारमेंट मर्चंडायझर आहे. आमच्याकडे नोय्यल नदीचं पाणी इतकं खारट झालं की तिच्यावरचं ओरथुपालयम धरण शेतीला कुचकामी ठरलं, शेतकरी कोर्टात गेले, आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास हायकोर्टाने 700 च्या वर डाईंग युनिट बंद करायला लावली. थेंबही बाहेर सोडायचा नाही म्हणून आता आरओ, मग बाष्पीभवन, निघालेलं मीठ शक्य तितकं परत बाथमध्ये. जमतं, पण वीज आणि लाकूड बेसुमार जळतं, आणि जे मिश्र मीठ परत वापरता येत नाही ते पोत्यात भरून शेडमध्ये पडून. नदीतून काढून गोदामात ठेवलं असं म्हणा हवं तर. शेडमास्तरचं म्हणणं बरोबर, मीठ घालायलाच नको. पण कोर्टाचा दणका बसेपर्यंत इथेही कोणी हललं नव्हतं, आपणहून कोण हलतंय?

फक्त_गिऱ्हाईक

तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं. मला एवढंच सांगा, लेबलवर 'अ‍ॅझो फ्री' लिहिलेलं घेतलं की झालं ना? आणि ते इस्त्री न लागणारे शर्ट?

तिरुपूरचा_मराठी

नाही झालं. अ‍ॅझो फ्री म्हणजे काही ठराविक अ‍ॅझो रंग, ज्यातून कॅन्सर करणारी द्रव्यं सुटू शकतात, ते वापरले नाहीत. ते घालणाऱ्याच्या अंगासाठी आहे, कारखान्याच्या पाण्याबद्दल त्यात अक्षर नाही. ओएको-टेक्स 100 या लेबलचं पण तसंच, तयार कपडा तपासतात. गॉट्समध्ये (सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र) सांडपाणी बघतात, निदान नियमात तरी आहे. इस्त्री न लागणाऱ्या शर्टाला बहुतेक रेझिन असतं, त्यातलं बरंचसं फॉर्मल्डिहाइडवालं. नवा शर्ट धुऊन घाला.

हिरडा_तुरटी

शेडमास्तर, तुमचा तो कोल्ड पॅड बॅचचा रोल 300 मीटरला चालतो का? मी माहिती काढली, व्यापारी म्हणतो मला एका डिझाईनचे अकरा रंग हवेत, प्रत्येकी 300 मीटर. मग मशीन दर रंगाला धुवा, पाइपात उरलेला रंग फेका. म्हणजे तुमचं हुकमी अस्त्र मोठ्या मिलचं, छोट्या जॉबवाल्याचं नाहीच.

शेडमास्तर

इथे पकडलंत. खरं सांगायचं तर आमच्या मालकाने ट्रायल घेतली होती, मीच मागे लागलो होतो. भाड्याच्या पॅडवर नेव्ही ब्लू, 1,200 मीटर. सकाळी रोल उघडून धुतला तर लिस्टिंग, म्हणजे कडेला गडद आणि मध्ये फिका, रोलरचा दाब सारखा नव्हता. व्यापाऱ्याने अख्खा लॉट परत केला. मालक काही बोलला नाही, नुसतं मिठाच्या गोणींकडे बोट दाखवलं. पुढची सहा वर्षं मी परत 80 ग्राम, 80 ग्राम करत राहिलो. खालच्या अंगाचे भाऊ, अकरा वर्षं काय करत होता विचारलंत ना, हे करत होतो.

तो नेव्हीचा लॉट शेवटी काळ्यात बुडवून संक्रांतीला विकला. बुडवला अर्थात मीठ घालूनच.