सुताच्या पैशांच्या दाव्यात मजुरीची वजावट कशी मागायची?

प्रश्न
इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याने आमच्या पक्षकारावर (यंत्रमागधारक) सुताच्या थकलेल्या ४,८०,००० रुपयांसाठी १० मार्च २०२५ रोजी दावा लावला आहे. त्याच व्यापाऱ्याकडून विणकामाच्या मजुरीचे १,६५,००० येणे आहे. काम १२ एप्रिल २०२२ ला पुरे झाले, बिलही त्याच दिवसाचे. शिवाय दाव्यातल्याच एका लॉटचे सूत खराब निघाले, नुकसान अंदाजे ६०,०००. समन्स एप्रिलमध्ये बजावले, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) जूनमध्ये जाईल. वजावट मागावी (आपले येणे त्याच्या मागणीतून वळते करून घेणे) की प्रतिदावा (त्याच खटल्यात त्याच्यावर उलट दावा)? मजुरीची मुदत संपली, असा आक्षेप येणारच.

उत्तर १
मजुरीसाठी वजावटच मागा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ६ खाली. कारण मुदत. मुदत कायद्याच्या कलम ३ प्रमाणे वजावटीची मागणी मूळ दाव्याच्या तारखेलाच केली असे धरतात. प्रतिदावा मात्र तो कोर्टात दाखल होईल त्या दिवशीचा. मजुरी मागण्याची मुदत तीन वर्षांची, ती १२ एप्रिल २०२५ ला भरली. म्हणजे वजावट मुदतीत, जूनमधला प्रतिदावा मुदतबाह्य.

रक्कम ठरलेली हवी आणि दोन्ही बाजूंची हैसियत (कोण कोणत्या नात्याने देणे-घेणे लागतो ते) दोन्ही मागण्यांत तीच हवी. बिल भागीदारी पेढीच्या नावाचे आणि दावा एका भागीदारावर व्यक्तिशः, असे असेल तर इथेच अडते. बिलावरचे नाव आणि वादपत्रातले नाव अक्षरशः ताडून पाहा.

वजावटीच्या रकमेवर कोर्ट फी लागते. ती न भरता कैफियतीत नुसते ‘वजा करावेत’ लिहून मोकळे होतात आणि युक्तिवादाच्या वेळी वादी नेमके तेच काढतो.

उत्तर २
६०,००० नियम ६ मध्ये बसत नाहीत, ती ठरलेली रक्कम नाही. पण म्हणून लगेच प्रतिदाव्याकडे जाऊ नका. माल विक्री कायद्याचे कलम ५९ पाहा: हमीभंग (मालाच्या दर्जाची हमी मोडणे) झाला असेल तर खरेदीदाराला तो किमतीत घट म्हणून थेट बचावातच मांडता येतो. त्यासाठी त्या लॉटची चलने, सूत तपासणीचा अहवाल आणि तेव्हाच पाठवलेली तक्रार लागेल. दाव्यानंतर पहिल्यांदा केलेल्या तक्रारीला फारसे वजन मिळत नाही.

मजुरीच्या पुराव्यासाठी पक्षकाराचा फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा उतारा) काढा. व्यापाऱ्याने मजुरीवर टीडीएस कापला असेल तर नोंद तिथे दिसेल, मग ‘काम दिलेच नाही’ म्हणणे त्याला जड जाईल.

उत्तर ३
त्याआधी खातेउतारा नीट वाचा. मजुरी दोघांच्या संमतीने दाव्यापूर्वीच सुताच्या खात्यात जमा धरली असेल तर ती वजावट नव्हेच, फेड झाली. तसाच बचाव घ्या. त्यावर कोर्ट फीही नाही. पण वादीच्या वहीत किंवा पत्रात तशी नोंद हवी, एकतर्फी जमाखर्च चालत नाही.

आणि तारीख सांभाळा. ३ लाखांवरचा व्यापारी दावा वाणिज्यिक न्यायालयात असेल तर समन्स बजावल्यापासून १२० दिवसांनंतर कैफियत घेतच नाहीत, त्यासोबत वजावटही गेली. तीस दिवस उलटल्यावर उशिराची कारणे देणारा अर्ज जोडावा लागतो. मजुरीचा वेगळा दावा लावायचा म्हटले तर तो आता मुदतीबाहेर आहे, त्यामुळे ही कैफियत हाच एक मार्ग उरतो.