रि: रि: सोमवारची तालीम

प्रेषक: मंदार
मंगळवार, २४ एप्रिल २००७, सकाळी ७:५२

मंडळी,

काल तालमीला सहा टाळकी होती. सहा! अविनाशदादांनी दुसरा अंक जवळजवळ भिंतीशी बोलून घेतला. न आलेल्यांनी फोनवर कारणं दिली होती: सासूबाई आल्यात, मीटिंग लांबली, मुलाला ताप आहे. आज सकाळी ट्रेनमध्ये बघतो तर यातलेच दोघं 'ड्राइव्ह' या टीव्ही सीरियलच्या चौथ्या भागावर चर्चा करतायत. नावं घेत नाही. ताप कसला होता ते कळलं.

म्हणून सरळ विचारतो. फॉक्सवरची ती रेस सोमवारी रात्री ८ ला, तालीम साडेसातला. सिएटलच्या मराठी अधिवेशनाला जेमतेम नऊ आठवडे उरलेत. तालीम मंगळवारी घ्यायची का? आजच सांगा, शुभदाताईंना बेसमेंटचं कळवायचंय.

---

प्रेषक: नीलेश
मंगळवार, सकाळी ९:१०

ट्रेनमधला मी. ताप खरा होता, ९९.५ का होईना.

रेकॉर्ड कर असं सगळे म्हणणार, म्हणून आधीच सांगतो: आमचा टिवो जुना आहे, एका वेळी एकच चॅनल घेतो. सोमवारी ८ ला तो बायकोच्या नाचाच्या कार्यक्रमाला वाहिलेला असतो. त्यावर घरात चर्चा होत नाही.

आणि सीरियल चांगली आहे हो. नेब्रास्कातला बागकाम करणारा साधा माणूस, बायको पळवली गेलीय, आणि ती परत हवी असेल तर देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बेकायदा शर्यतीत गाडी हाकायची. बक्षीस ३२ मिलियन. त्याचं काम करणारा नेथन फिलियन दर वेळी चेहऱ्यावर 'मी कुठे अडकलो' असा भाव ठेवतो, तसाच जसा आपण जनरल बॉडीला ठेवतो.

मंगळवारला माझं मत.

---

प्रेषक: सुधाकाकू
मंगळवार, सकाळी ११:३५

मला त्या बाळंतिणीची काळजी लागून राहिली आहे. मारकुट्या नवऱ्यापासून पळालेली, ती मिनीव्हॅनवाली. बाकीचे पैशासाठी धावतायत, ही जीव वाचवायला. त्या न्यू ऑर्लिन्सच्या तिघी बायकाही आवडल्या. कत्रीना वादळात सगळं गेलेल्या. आमच्या ह्यांना फक्त गाड्या दिसतात.

मंगळवार काय नि सोमवार काय, मला चालेल, माझी तीनच वाक्यं आहेत. पण पहिल्या रविवारचे दोन तास मी टेप केले होते, ती टेप कोणाकडे आहे? लेबलवर 'गणपती ९८' खोडून खाली 'रेस' लिहिलंय, हिरव्या पेनाने. मागच्या सोमवारी चहाच्या टेबलावर ठेवली होती.

---

प्रेषक: विद्याधर
मंगळवार, दुपारी १२:०२

काकू, 'गणपती ९८' खोडून?? म्हणजे त्यावरच टेप केलंत? ९८ चं एकमेव रेकॉर्डिंग होतं ते. मंडळाच्या संग्रहासाठी मी दोन वर्षं सगळ्यांकडे मागतोय. त्यात दामलेआजोबांचं कीर्तन होतं.

---

प्रेषक: सुधाकाकू
मंगळवार, दुपारी १२:२०

कीर्तन शेवटी होतं, ते शाबूत आहे. रेस संपली की लगेच 'पांडुरंग हरी' सुरू होतं. आरत्या तेवढ्या गेल्या. त्या दर वर्षी त्याच असतात.

---

प्रेषक: जोशीकाका
मंगळवार, दुपारी २:४८

सीरियल पाहिली. दोन गोष्टी खटकल्या.

एक, शर्यत फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटावरून सुटते. मी आईवडिलांना घेऊन तिथे गेलो आहे. रूट वनचा शून्य मैलाचा दगड तिथे आहे, फोटोही आहे. तिथून मुख्य भूमीला यायला ११३ मैलांचा रस्ता, ४२ पूल, आणि बहुतेक ठिकाणी जाणारी एक लेन, येणारी एक. पुढे एखादा बोट ओढणारा पिकअप आला की मागचे सगळे त्याच्या चालीने. सेव्हन माइल ब्रिजवर आमच्यापुढे असाच एक होता. वडिलांचा अर्धा विष्णुसहस्रनाम पुलावर झाला. तिथून हे लोक एकमेकांना मागे टाकत सुटणार, हे पडद्यावरच जमतं.

दोन, हे सगळं नवीन असल्यासारखं दाखवतात. खरी शर्यत १९७१ साली झाली आहे. कार अँड ड्रायव्हर मासिकाच्या ब्रॉक येट्सने काढली, नाव कॅननबॉल. न्यूयॉर्कच्या पूर्व ३१व्या रस्त्यावरच्या रेड बॉल गॅरेजपासून कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीचपर्यंत. येट्स स्वतः आणि डॅन गर्नी, ज्याने ६७ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती, फेरारीतून ३५ तास ५४ मिनिटांत पोचले. थांबे धरून सरासरी ताशी ८० मैल! १९७९ला ही शर्यत शेवटची झाली, तेव्हा जॅग्वारवाले ३२ तास ५१ मिनिटांत पोचले. आणि लक्षात घ्या, ७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती. तेलटंचाईमुळे आलेली.

माझी स्वतःची डॉज डार्ट तेव्हा ५५ला थरथरायची. ७६ साली नेब्रास्कातून गेलो, लिंकन ते ग्रँड आयलंड. ७२ मैल रस्ता इतका सरळ की स्टिअरिंग हलवायचं काम नाही. तिथे डोळा लागला. हिने वेळीच चिमटा काढला म्हणून आज हा मजकूर लिहितो आहे.

तालमीचा वार कोणताही ठेवा, मी प्रॉम्प्टर आहे, यावंच लागतं.

---

प्रेषक: समीर
मंगळवार, दुपारी ३:१५

काका, ५५ची मर्यादा ९५लाच गेली. त्यानंतर मोंटानात तर साधारण साडेतीन वर्षं दिवसा आकडाच नव्हता, 'शहाण्यासारखी चालवा' एवढंच. मग ९९ला ७५ आली.

हे माहीत असायचं कारण आम्ही सिएटलला गाडीने चाललोय. इथून २,८०० मैलांच्या वर, सहा दिवस. नेपथ्यातलं तुळशीवृंदावन आमच्याच व्हॅनमध्ये. अविनाशदादा, त्याची मापं कळवा, मागची सीट काढावी लागेल.

एक खाजगी भीती आहे, पण इथे सगळे आपलेच. बारा वर्षं जर्सीत काढली, इथे पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानेच बंदी. गेल्या उन्हाळ्यात पेन्सिल्व्हेनियात पंपावर काच खाली करून दहा मिनिटं बसलो होतो, माणूस येईल म्हणून. शेवटी मागच्या ट्रकवाल्याने उतरून नळी कशी धरायची ते दाखवलं. रेस-बिस नंतर, आधी हे शिकायचंय.

---

प्रेषक: वर्षा (लेझीम)
मंगळवार, संध्याकाळी ५:४०

एक मिनिट. शुभदाताईंच्या बेसमेंटमध्ये मंगळवारी लेझीम असतं. २००३ पासून. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी आमचं नाव एकाही मेलमध्ये नाही. नाटकाला टीव्ही बघायचाय म्हणून लेझीमने जागा सोडायची? आमच्याही मुली सिएटलच्या शोभायात्रेसाठीच मरमर करतायत.

---

प्रेषक: शुभदा
मंगळवार, रात्री ९:०५

वर्षा, रागावू नकोस. मंदार, तूही आधी फोन केला असतास तर बरं झालं असतं. माझ्याकडे सोमवार, मंगळवार आणि गुरुवार मोकळे असतात. लेझीम गुरुवारी चालेल का? सगळ्यांना विनंती: बेसमेंटचं दार ओढून घ्या, मागच्या वेळी खारूताई आत आली होती. आणि सोफ्यावर कपबशी ठेवू नका.

---

प्रेषक: वर्षा (लेझीम)
बुधवार, २५ एप्रिल, सकाळी ६:५८

गुरुवार चालेल. पण लेझीम आणि हलगी जिन्याखालीच राहतील. नाटकवाल्यांनी हात लावायचा नाही. मागच्या वर्षी हलगीवर फरसाणाची प्लेट ठेवली होती कोणीतरी.

---

प्रेषक: मंदार
बुधवार, सकाळी ८:३०

ठरलं. तालीम मंगळवारी साडेसात, लेझीम गुरुवारी. वर्षाताई, माझं चुकलं, मनापासून आभार. आता कोणाला ताप यायला नको.

---

प्रेषक: नीलेश
गुरुवार, २६ एप्रिल, सकाळी १०:१४

सीरियल बंद.

चेष्टा नाही. चार भाग दाखवून चॅनलने गुंडाळली. प्रेक्षक कमी पडले म्हणे. बायको सापडली की नाही, ३२ मिलियन कोणाला, काही नाही. गाड्या अजून फ्लोरिडा-जॉर्जियाच्याच बाजूला, अख्खा देश बाकी! याच चॅनलने याच फिलियनची अंतराळातली सीरियल २००२ साली अशीच अर्ध्यावर सोडली होती. मी तेव्हाही शिकलो नाही.

---

प्रेषक: सुधाकाकू
गुरुवार, सकाळी १०:५०

अगं बाई. मग त्या बाळंतिणीचं काय?

---

प्रेषक: जोशीकाका
गुरुवार, सकाळी ११:३०

नीलेश, कॅननबॉल जिंकल्याबद्दल बक्षिसाचे मोठे पैसे नव्हते हे मघाशी सांगायचं राहिलं. हौसेची शर्यत होती ती. गर्नीने नंतर सांगितलं होतं की आम्ही ताशी १७५ मैलांच्या वर एकदाही गेलो नाही. याला म्हणतात संवाद. तुमच्या सीरियलमध्ये सगळे रडतच गाडी चालवतात. चांगलं झालं बंद पडली.

---

प्रेषक: मंदार
गुरुवार, दुपारी १:०५

मग तालीम पुन्हा सोमवारी घ्यायची का? मंगळवार अविनाशदादांना अवघड जातो, ऑफिसचा कॉल असतो, त्यांनी काल संकोचाने सांगितलं.

---

प्रेषक: शुभदा
गुरुवार, दुपारी १:२२

नाही रे मंदार. सोमवार मोकळा झाला म्हणून मी चिरंजीवांची एसएटीची (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) शिकवणी लावली. मास्तर एडिसनहून येतात, महिन्याचे पैसे आगाऊ दिलेत.

---

प्रेषक: वर्षा (लेझीम)
गुरुवार, दुपारी १:३०

आणि आम्ही पंधरा पालकांना गुरुवार कळवून बसलोय. आता पुन्हा बदल नाही.

---

प्रेषक: अविनाश
गुरुवार, रात्री ११:४०

मंगळवारच. कॉल मी पुढे ढकलतो. तिसऱ्या अंकाची पाठांतरं करून या, पुस्तक हातात दिसलं तर परत पाठवीन. समीर: वृंदावन तीन फूट उंच, तळाशी दोन बाय दोन. थर्मोकोल आहे, त्यावर काही ठेवू नकोस.

---

प्रेषक: समीर
शुक्रवार, २७ एप्रिल, सकाळी ७:१५

बसतं. मधली सीट ठेवून, मागची काढून. मापून बघितलं.

काकू, तुमची टेप माझ्या व्हॅनच्या सीटखाली निघाली, मुलांनी उचलली असणार. पण त्यांनी ती आमच्या व्हीसीआरमध्ये घातली आणि आता तो ती सोडत नाहीये. झाकण उघडून बघितलं तर फीत बाहेर ओढली गेलीय, साधारण हातभर. विद्याधर, तुझ्याकडे बारीक स्क्रू ड्रायव्हर असेल तर रविवारी येतोस का? कीर्तनाच्या भागातली फीत आहे की रेसची ते बाहेरून कळत नाही.