जुन्या रोडकिंगचं क्रँक सील नागपुरात मिळेल का, की काही जुगाड करावा लागेल?

फटफटी_धंतोली
मामांची १९८४ ची येझदी रोडकिंग माझ्याकडे आली आहे, गोडाऊनमधे पडून होती, कशीबशी चालू केली पण धूर इतका करून राहिली की शेजारचे खिडक्या लावून घेतात. पांढरा धूर, प्लग काढला की ओला निघतो, आणि गिअरबॉक्सचं ऑइल भरलं की काही दिवसांत कमी, पण जमिनीवर एक थेंब नाही. मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा) करून टाका. मला काही पटून नाही राहिलं. क्रँकचं सील (इंजिनच्या शाफ्टभोवतीची रबरी रिंग) गेलं असेल तर ते आणायचं कुठून? सीताबर्डी, इतवारी, सगळीकडे विचारून झालं, येझदीचं नाव घेतलं की दुकानदार हसतात. त्यात पेट्रोल कॉकपण गळून राहिला. नवीन येझदीच्या शोरूममधे काही मिळते का?

सदर_रायडर
शोरूमचं डोक्यातून काढा भाऊ. मैसूरची आयडियल जावा १९९६ लाच बंद झाली, आताची येझदी २०२२ ची, फोर स्ट्रोक, लिक्विड कूल्ड. टाकीवरचं नाव तेवढं सारखं, तुमच्या गाडीला त्यातलं काही बसत नाही. दिल्लीला कोणी जात असेल तर करोल बागेत विचारायला सांगा, जुन्या गाड्यांचा माल निघतो तिथे.

टू_स्ट्रोक_काका
दिल्ली कशाला गाठायची, आधी इथलं तर बघा. तुमची लक्षणं सरळ क्लच साइडच्या सीलची आहेत. तुमच्यासारख्या टू स्ट्रोकला क्रँककेसमधे (क्रँक फिरतो त्या बंद पेटीत) प्रत्येक फेरीला व्हॅक्यूम होतो, सील कडक झालं की तो शेजारचं ऑइल ओढून घेतो आणि ते जळून सायलेन्सरमधून बाहेर, म्हणूनच जमिनीवर थेंब दिसत नाही. हेच डायनॅमो साइडचं गेलं असतं तर ऑइलऐवजी हवा ओढली असती, मग गाडी उगाच रेस पकडते, तापते आणि एखाद दिवशी पिस्टन जाम होतो, मे महिन्यात वर्धा रोडवर तर नक्कीच. त्यामुळे एक बदलताना दुसरं पण बदला. बोअरिंगची घाई अजिबात नको. एकदा बोअर वाढवला की वाढवला, पुढचं ओव्हरसाइज पिस्टन शोधत फिरा, आणि ते संपले की सिलिंडरला आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी.

आता सील कुठे मिळेल. तुम्ही दुकानात येझदीचं सील मागता तिथेच गाडी अडते. ऑटो पार्टच्या दुकानात जाऊच नका, बेअरिंगच्या दुकानात जा आणि गाडीचं नाव पण काढू नका, फक्त साइज सांगा. सीलच्या तोंडावर तीन आकडे असतात, समजा २५×५२×७, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमधे. तेच सील पंपाला लागते, मोटरला लागते, त्यांच्याकडे पडलेलं असते. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने शाफ्ट आणि सील बसते ते घर मोजायचं. जुन्या सीलची लिप (शाफ्टला टेकणारी आतली कड) मोजू नका, ती पसरलेली असते, चुकीचं माप येते. जाडीत अर्धा-एक मिमी कमी चालून जाते, जास्त नाही चालत.

बेअरिंगचं पण तसंच. ६२०४, ६३०५ असा नंबर असतो, शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास, ०४ म्हणजे २० मिमी, ०५ म्हणजे २५ (०४ च्या खाली हा हिशोब लागत नाही). क्रँकसाठी सी-३ वालंच मागा, त्यात गॅप थोडा जास्त असतो, तापल्यावर आवळत नाही. निम्मी जुनी गाडी अशी बेअरिंगच्या दुकानातून उभी राहते, लोक उगाच ओरिजिनल ओरिजिनल करत बसतात.

नानापेठ_पुणे
काकांशी सहमत, पण एक भर. जुन्या स्टॉकचं पॅकबंद ओरिजिनल सील कुणी दुप्पट भावाने देत असेल तरी घेऊ नका, रबर डब्यात पडून पण कडक होतं. गिअर, किक शाफ्ट असलं लोखंड जुन्या स्टॉकचं मिळालं तर डोळे मिटून घ्या, कारण पॅटर्न पार्टला, म्हणजे बाहेर बनवलेल्या नकलेला, हार्डनिंग नीट नसतं, दात लवकर झिजतात. रबर मात्र नेहमी ताजं. सील जमलं तर व्हायटॉन रबराचं घ्या, साध्या नायट्राइल रबरापेक्षा महाग पडतं पण उष्णता आणि आताचं ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल दोन्ही सोसतं. तुमचा कॉक गळतोय तोही आतल्या रबरी वॉशरमुळे असणार, इथेनॉलने जुनं रबर फुगतं किंवा तडकतं. अख्खा कॉक बदलायची गरज नाही, व्हायटॉन शीटमधून वॉशर कापा, भोकं पंचने पाडा.

लेथ_हिंगणा
हाव, बरोबर आहे. एमआयडीसीत आमच्याकडे असे लय येतात, हातात तुटका पार्ट आणि म्हनतात हाच बनवून द्या. बुश बनते, स्पेसर बनते, स्टँडची पिन बनते, गनमेटलचा तुकडा आना, तासाभरात घेऊन जा. क्लच केबल पन बनते, फक्त वायरचं टोक फुलवून मग निपल झाळा, नाही तं ओढल्याबरोबर निसटते. ब्रेक शूवर लायनर चढवून भेटते. तांब्याचा वॉशर तं फेकूच नका, लाल होईपर्यंत तापवा, पान्यात टाका, पुन्हा मऊ. पन अ‍ॅक्सल आन हँडलचा टी कोनी म्हनलं वेल्डिंग करून देतो तं तिथून निघून या. मी सोता नाही करत, कितीही पैसे द्या.

आन ब्लॉकखालचं पॅकिंग कापताना जाडी जुन्याएवढीच ठेवा. जाड झालं तं ब्लॉक वर उचलते, पोर्टचा (ब्लॉकमधल्या भोकांचा) टायमिंग बदलते, मग म्हनान कार्बोरेटर खराब आहे.

फटफटी_धंतोली
धन्यवाद सगळ्यांना, क्लच साइड उघडली. सील दगडासारखं कडक, बोटाने दाबलं तर लिपचा तुकडाच पडला. आकडे दिसतात, बेअरिंगवाल्याने उद्या बोलावलं. पण लिप जिथे बसते तिथे शाफ्टवर बारीक रिंगसारखी खाच पडली आहे, नख अडकते. आता क्रँक बदलू का?

टू_स्ट्रोक_काका
क्रँक नका बदलू, मिळणार पण नाही सहज. सीलच्या घरात जागा असेल तर नवीन सील एखादा मिमी अलीकडे किंवा पलीकडे बसवा म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येईल, मात्र बेअरिंगला ऑइल जायचं भोक झाकलं जाऊ देऊ नका. जागा नसेल तर लेथवाल्याकडून शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या आणि त्या मापाचं सील मागा, म्हणून उद्याची खरेदी हे बघून झाल्यावरच करा. स्प्रिंगची बाजू कोणीकडे होती त्याचा फोटो काढला ना? लिपला ऑइल लावून, जुनं सील वर ठेवून हळूहळू ठोका, डायरेक्ट हातोडा नको.

लेथ_हिंगणा
स्लीव्हसाठी क्रँक सोडवूनच आना, इंजिनात ठेवून नाही होत. शनिवारी लाइट नसते, सोमवारी या.