मदत हवी आहे : हेन्री वॉलेस यांच्या कागदपत्रांत पांडुरंग खानखोजे शोधायचे आहेत

सेलूकर

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न सांगतो, मग पार्श्वभूमी. हेन्री वॉलेस हे १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांची कागदपत्रे मुख्यतः तीन ठिकाणी आहेत : आयोवा सिटीतले आयोवा विद्यापीठाचे ग्रंथालय, वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कला असलेली रूझवेल्ट लायब्ररी. नोव्हेंबर-डिसेंबर १९४० मध्ये वॉलेस मेक्सिकोला गेले होते. त्या दौऱ्यात किंवा नंतर आपल्या वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्याशी त्यांची भेट अथवा पत्रव्यवहार झाला का, हे मला मूळ कागदावरून पाहायचे आहे. इथे कुणी अशा संग्रहात काम केले असेल, आयोवाच्या जवळपास राहत असेल किंवा टंकलिखित स्पॅनिश वाचू शकत असेल, तर कृपया मदत करा.

आता पार्श्वभूमी. आपल्याकडे खानखोजे बहुतेकांना गदर चळवळीतले (अमेरिकेतल्या भारतीयांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेली चळवळ) क्रांतिकारक म्हणून माहीत असतात. पण त्यांचे अर्धे आयुष्य शेतीत गेले. अमेरिकेत कॉर्व्हालिस आणि पुलमनला ते शेतकी शिकले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले. मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केले आणि मका व मकचरी (मक्याची रानटी भावंड) यांचे संकरही केले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्या कामात त्यांच्या पाठीशी होते. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरांनी रंगवलेल्या एका चित्रात टेबलाच्या मध्यभागी बसून भाकर मोडणारा माणूस आहे, तो खानखोजेच, असे सांगितले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला.

वॉलेसही मक्याचेच माणूस. आयोवातल्या शेतकरी-संपादक घराण्यात जन्म. देखणे कणीस म्हणजे जास्त उत्पन्न हा त्या काळचा समज त्यांनी शाळकरी वयातच स्वतः पेरणी करून खोटा ठरवला होता. १९२६ मध्ये त्यांनी संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली आणि १९३३ पासून ते रूझवेल्ट यांचे कृषिमंत्री होते. उपराष्ट्राध्यक्षपदावर निवडून आल्यावर शपथ घेण्याआधी हा माणूस बायकोला घेऊन मोटारीने मेक्सिकोला गेला. नवे अध्यक्ष आव्हिला कामाचो यांचा शपथविधी १ डिसेंबरला होता, पण वॉलेस शेतेही बघत हिंडले. स्पॅनिश त्यांना येत होती. परतल्यावर फेब्रुवारी १९४१ मध्ये ते रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेच्या मंडळींशी बोलले. त्याच वर्षी फाउंडेशनने तीन शास्त्रज्ञ मेक्सिकोला पाठवले, १९४३ मध्ये काम उभे राहिले आणि १९४४ मध्ये हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग तिथे रुजू झाले. तिथला बुटका गहू साठच्या दशकात आपल्याकडे आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट मी कृषी खात्याच्या नोकरीत असंख्य वेळा ऐकली, स्वतः सांगितलीही. तिची सुरुवात नेहमी १९४३-४४ पासून होते. त्याच देशात त्याआधी जवळजवळ वीस वर्षे मक्यावर आणि गव्हावर राबलेल्या वर्ध्याच्या माणसाचे नाव तिच्यात नसते. हे मला फार लागते. पण पुराव्याशिवाय बोलायची माझी इच्छा नाही. भेट झालीच नसेल तर तसे लिहीन.

हे सगळे सुरू झाले ते वडिलांच्या एका वहीमुळे. ते पन्नाशीच्या दशकात नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकले. मागच्या दिवाळीत माळा आवरताना त्यांची वही सापडली. कापडी पाठ, कोपरे वाळवीने खाल्लेले. एका पानावर ज्वारीच्या काणीवरच्या टिपणाखाली पेन्सिलने एकच ओळ आहे : ‘खानखोजे – चापिंगो – वॉलेस ?’ प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेले आहे, कागद तिथे दबला आहे. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांनी हे कुणाकडून ऐकले, का लिहिले, विचारायला कुणी नाही.

आतापर्यंत मी केले ते असे. तिन्ही संग्रहांच्या मायक्रोफिल्मची (कागदांचे फिल्मच्या रिळांवर घेतलेले बारीक फोटो) एकत्रित सूची १९७५ मध्ये दोन खंडांत छापली गेली. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यातल्या ‘के’ अक्षराच्या पानांचे फोटो पाठवले, त्यात खानखोजे नाहीत. मग मी एका संग्रहाला ‘खानखोजे यांच्याविषयी जे काही असेल ते पाठवा’ अशी मेल केली. सभ्य उत्तर आले की या नावाने काही आढळत नाही. इथे अडलो आहे. नुसत्या आयोवाच्या भागाची ६७ रिळे आहेत. कुठून सुरुवात करू?

दप्तरी

सेलूकर, चांगला धागा. मी पुराभिलेखागारात नोकरी केली, म्हणून थोडे सांगतो.

तुमची मेल जिथे अडली तिथे बहुतेकांचे अडते. दप्तरातले कागद बहुधा विषयाने लावलेले नसतात. ज्या कचेरीतून ते आले त्या कचेरीच्या क्रमाने ते राहतात. पेशवे दप्तरात रुमाल (कागद बांधलेले कापडी गाठोडे) सोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, तिकडे रुमालाऐवजी बॉक्स आणि फोल्डर असतात एवढेच. सूचीत बहुधा पत्र लिहिणाऱ्याचे नाव येते. पत्राच्या मजकुरात, तिसऱ्या परिच्छेदात, कुणाचा उल्लेख असेल तर तो सूचीत येईलच असे नाही. तेव्हा नावाने मागू नका, तारखेने मागा.

आणि तारीख इथे मोठी गमतीची नसून अडचणीची आहे. वॉलेस यांनी कृषिमंत्रिपद सप्टेंबर १९४० मध्ये सोडले आणि उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ २० जानेवारी १९४१ ला घेतली. मेक्सिकोचा दौरा बरोबर या दोहोंच्या मधला. म्हणजे कृषी खात्याच्या फायलींत तो सहज सापडणार नाही, आणि हाइड पार्कला जी उपराष्ट्राध्यक्षपदाची कागदपत्रे आहेत ती १९४१ पासूनची. दौऱ्यातली टिपणे, पत्रे असलीच तर आधी आयोवाच्या खासगी भागात बघा. आभाराची पत्रे, ‘आपण भेटलो होतो, मी बियाणे पाठवतो आहे’ अशी पत्रे १९४१ च्या पहिल्या काही महिन्यांत येतात, त्यासाठी हाइड पार्क.

तिसरा रस्ता कुणाला सुचत नाही. वॉलेस त्या शपथविधीला सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. म्हणजे परराष्ट्र खात्याने कागद केलेच असणार. ते मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या काळच्या दशांश फायलींमध्ये, म्हणजे देशाला आणि विषयाला आकडे देऊन लावलेल्या फायलींमध्ये, मेक्सिकोच्या अंतर्गत बाबींचा आकडा ८१२, आणि शेतीचा ८१२.६१. वकिलातीने वॉशिंग्टनला पाठवलेल्या अहवालांत कोण कुठल्या शेतावर गेले याची नोंद असू शकते.

नवा_वाचक

माहितीच्या अधिकारासारखा कायदा अमेरिकेतही आहे ना? सरळ अर्ज टाका. उपराष्ट्राध्यक्षांचे कागद सरकारी असतात, द्यावेच लागतील.

दप्तरी

आजच्या उपराष्ट्राध्यक्षांबाबत बऱ्याच अंशी बरोबर, वॉलेस यांच्याबाबत नाही. उपराष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे सरकारी मालकीची ठरवणारा कायदा १९७८ चा आहे, तो लागू झाला २० जानेवारी १९८१ पासून. त्या कायद्यात आलेले पहिले उपराष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश. त्यांच्या आधीचे वॉल्टर मोंडेल यांच्यापर्यंत ही कागदपत्रे त्या व्यक्तीची खासगी मालमत्ता समजली जात, म्हणून तर ती कुणाची गावच्या विद्यापीठात, कुणाची राज्याच्या इतिहास संस्थेत अशी विखुरली आहेत. वॉलेस यांच्या कागदांचे तीन ठिकाणी तुकडे दिसतात ते त्यामुळेच. अर्ज करायची गरज नाही. विनंतीची साधी मेल पुरते, फक्त ती नेमकी हवी.

शब्दवेडी

सेलूकरकाका, मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. पत्रे मिळाली तर वाचून देईन, पैशाचा विषय काढू नका.

पण आधी नावाविषयी. तुम्ही फक्त ‘के’ पाहिलेत. स्पॅनिशमध्ये ‘ख’ लिहायला ‘केएच’ नाही, आणि त्यांच्या ‘जे’ अक्षराचा उच्चारच आपल्या ‘ख’ आणि ‘ह’ च्या मधला. म्हणजे खानखोजे हे नाव छापलेले वाचले तर त्यांच्या तोंडी ‘कानकोखे’ होणार. उलट, कानाने ऐकून टंकणाऱ्याने शेवटचा ‘जे’ वायने लिहिला असेल, सुरुवातीचा ‘ख’ ‘सी’ने किंवा ‘जे’ने. ‘एच’ तर बहुतेक गळलेलाच समजा. म्हणून सी, जे आणि के, तिन्ही अक्षरे बघा. दुसरे म्हणजे तिथे लोक दोन आडनावे लावतात, त्यामुळे परक्या नावात आडनाव कोणते याचा घोळ होतो. ‘पांडुरंग’ हेच आडनाव धरून ‘पी’खाली नोंद केलेली असू शकते. ‘प्रोफेसोर पांडुरंग’ असेही शोधा. आणि त्यांचा उल्लेख नावाशिवाय, नुसता ‘तो हिंदू प्राध्यापक’ असाही असू शकतो. तेव्हा तिकडे भारतीय माणसाला, धर्म कुठलाही असो, ‘हिंदू’ म्हणायची पद्धत होती.

सेलूकर

शब्दवेडीताई, ‘पी’खाली बघायचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आत्ताच प्राध्यापकांना निरोप टाकला.

दप्तरीसाहेब, तारखेचा मुद्दा वाचून मी कागद घेऊन बसलो. नोव्हेंबर १९४० चा शेवटचा आठवडा ते जून १९४१ अखेर एवढीच खिडकी धरतो. तीन शास्त्रज्ञांची पाहणी १९४१ च्या उन्हाळ्यातली आहे, तिच्याआधीचे सगळे बघून व्हावे म्हणून. वॉलेस डायरी लिहीत असत हे वाचले आहे, त्या दिवसांची पाने मिळाली तर सोन्याहून पिवळे.

मक्याच्या_गावात

काका, मी डे मॉइनला असते, आयोवा सिटी इथून गाडीने पावणेदोन-दोन तास. माझे माहेर पुलगावचे, त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसवेना.

मी जाऊन येते. अशा वाचनकक्षात मी माझ्या प्रबंधासाठी बसले आहे, म्हणून पद्धत सांगते. हवे ते बॉक्स आधी कळवून ठेवायचे. पिशवी बाहेर, आत फक्त पेन्सिल आणि वही. एका वेळी एक फोल्डर, कागदांचा क्रम हलवायचा नाही. फ्लॅश बंद ठेवून फोनने फोटो काढू देतात, पण प्रत्येक फोटोत बॉक्सचा आणि फोल्डरचा क्रमांक यावा अशी सवय लावून घेतली पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर कुठले पान कुठले ते कळत नाही. रिळे बघायची झाली तर वेळ जास्त लागतो, डोळे चुरचुरतात, पण होईल.

तुम्ही एवढे करा : तारखांची खिडकी, नावाची शब्दवेडीताईंनी सांगितलेली सगळी रूपे, आणि भेटू शकणाऱ्या इतर माणसांची नावे. मेक्सिकोचे त्या वेळचे कृषिमंत्री कोण, अमेरिकेचे राजदूत कोण, अशी. त्यांच्या पत्रांतून कुणाचे तरी नाव निघते.

सेलूकर

पुलगावची लेक! काय बोलू, सुचत नाही.

नावे आत्ताच देतो. राजदूत जोसेफस डॅनियल्स. नवे कृषिमंत्री मार्ते गोमेस, हे स्वतः पूर्वी चापिंगोच्या शाळेचे संचालक होते आणि रिवेरांच्या जवळचे, त्यामुळे खानखोजे यांना ओळखत नसतील असे मला वाटत नाही. त्यांचे वॉलेसना आलेले पत्र असेल तर ते आधी बघा.

दप्तरी

गोमेस हा चांगला धागा आहे. आणखी एक. वॉलेस यांनी १९५०-५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मौखिक इतिहास प्रकल्पाला दिलेल्या मुलाखती पाच हजारांवर टंकलिखित पाने भरतील एवढ्या आहेत. मेक्सिकोच्या दौऱ्यावर ते त्यात बोलले आहेत का ते बघायला हवे. ते मी बघतो, माझा भाचा न्यूयॉर्कला असतो.

मक्याच्या_गावात

पुढच्या गुरुवारची वेळ मागितली आहे. काका, वडिलांच्या वहीच्या त्या पानाचा फोटो इथे टाकाल का? सोबत घेऊन जाईन म्हणते.

सेलूकर

टाकला आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, म्हणून खिडकीत तिरप्या उन्हात धरून काढला. डावीकडे काणीचे टिपण आहे, ओळ अगदी खाली. दोनदा गिरवलेले प्रश्नचिन्ह उन्हात नीट दिसते.