कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना तपशील पुसला जातो

प्रश्न : वडिलांनी १९७० च्या दशकात काढलेल्या छायाचित्रांच्या ३५ मिमी कृष्णधवल निगेटिव्ह मी घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करत आहे. धूळ आपोआप काढण्याची सोय सुरू केली, की आईच्या नऊवारीच्या काठावरची नक्षी पुसली जाते आणि चेहऱ्यावर डाग उमटतात. स्कॅनर बिघडला असेल का? डीपीआय (दर इंचाला किती बिंदू टिपायचे ते) किती ठेवावा?

प्रतिसाद १ : स्कॅनर ठीक आहे. ही सोय अवरक्त किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात, धुळीपाशी मात्र अडतात. पण कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या कणांची असल्यामुळे तीही किरण अडवते, आणि स्कॅनर प्रतिमेलाच धूळ समजून पुसू लागतो. सोय बंदच ठेवावी. इलफर्ड एक्सपी२ सारखी, रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतली जाणारी फिल्म एवढाच अपवाद.

प्रतिसाद २ : २४०० डीपीआयला सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात, घरगुती अल्बमला तेवढे पुरते. १६ बिट ग्रेस्केलमध्ये (काळ्या-पांढऱ्यामधल्या भरपूर छटा टिपणाऱ्या पर्यायात) टिफ प्रकारची फाइल जतन करावी, म्हणजे सावलीतले तपशील नंतरही उजळता येतात. धूळ रबरी ब्लोअरने उडवावी. सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास ओरखडे कायमचे राहतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी चढलेली असेल, तर पाणी मुळीच लावू नये, कारण बुरशीने पोखरलेले जिलेटिन (फिल्मवर चित्र धरून ठेवणारा थर) पाण्यात विरघळते आणि त्यासोबत चित्रही जाते.

प्रश्नकर्ता : सोय बंद करताच काठावरचा एकेक मोर स्पष्ट दिसू लागला. मनापासून आभार.