प्रतिसाद: गवंडीकाम शिकण्याची पहिली पायरी
‘गवंडीकाम साइटवरच शिकता येते, त्यासाठी आयटीआयचे वर्ष कशाला घालवायचे?’ हा वर विचारलेला प्रश्न रास्त असला तरी अर्धाच आहे. साइटवर नवख्या मुलाच्या हाती बराच काळ घमेले आणि फावडेच राहते. थापी मिळते ती मिस्त्रीची मर्जी बसली तर. आयटीआयच्या एका वर्षाच्या गवंडी अभ्यासक्रमात, जो आठवी उत्तीर्ण मुलांनाही खुला आहे, तोच मुलगा स्वतः वीट लावतो, ओळंबा धरतो आणि चुकलेला थर उतरवून पुन्हा रचतो. काटकोनाचेच पाहा. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट अशा खुणा करून त्यांमधील अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवणे मिस्त्रीही जाणतो. पण असे का, आणि मोठ्या जोत्यासाठी ६, ८, १० ही मापे का घ्यावीत, हे तो क्वचितच सांगतो. (गुण्यात, म्हणजे काटकोनात, चूक राहिली तर ती फरशी बसवताना उघडी पडते, आणि तोवर मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.) वर्षभराची मजुरी बुडते, ही अडचण मात्र खरी आहे, म्हणूनच १९६१च्या कायद्याखालील, विद्यावेतन देणाऱ्या शिकाऊ उमेदवारीचा विचारही येथे व्हायला हवा.