सासरे जानेवारीत माँट्रियलला येतायत, बर्फावरच्या मासेमारीला नेऊ का?

सायली_माँट्रियल:
सासरे श्रीवर्धनचे, वय ७१, मासे म्हणजे जीव की प्राण. जानेवारीत येतायत, घरात बसून कंटाळतील. सेंट-ॲन-द-ला-पेरादला गोठलेल्या नदीवर झोपड्या टाकून मासे पकडतात म्हणे. बर्फ फुटायची भीती नाही ना? थंडी सोसेल का? आणि मासा खाण्यालायक असतो की नुसती गंमत?

खाडीकाठ:
बिनधास्त न्या. आम्ही दर हिवाळ्यात जातो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

झोपडीत लाकडाची शेगडी पेटलेली असते, थोड्या वेळात जॅकेट उतरवावं लागतं. गारठतात ते पाय. चांगले बूट आणि लोकरीचे मोजे घ्या, कानटोपी ते स्वतःच आणतील. बर्फाचं म्हणाल तर नदीवर शेकडो झोपड्यांची वस्तीच उभी राहते, रस्ते आणि विजेच्या दिव्यांसकट. पुरेसा जाड झाल्याशिवाय उघडत नाहीत. सीझन साधारण नाताळनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, पण थंडी उशिरा पडली तर तारीख पुढे जाते. निघायच्या आधी फोन कराच. माँट्रियलहून गाडीने दोनेक तास.

आत भिंतीलगत जमिनीला लांब फट, खाली बर्फ कापलेला आणि काळंभोर पाणी. वर आडव्या दांडीला ओळीने दोऱ्या, दोरीला काडी. काडी हलली की ओढायचं. आमिष डुकराच्या कलेजीचं. घरात कुणाला चालत नसेल तर दुसरं काही मिळेल का, बुकिंग करतानाच विचारा. मासा तळाशी फिरतो, म्हणून शिसं टेकलं की दोरी जराशीच वर घ्यायची. हे सासऱ्यांना तुम्ही शिकवायला जाऊ नका, तेच तुम्हाला शिकवतील.

मासा म्हणजे पूलामाँ. कॉडच्या कुळातला, पण मुडदुशीएवढाच. सेंट लॉरेन्स या मोठ्या नदीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यातून अंडी घालायला वर या गावच्या नदीत चढतो, तेही ऐन हिवाळ्यात, बर्फाखालून. त्याच्या रक्तात गोठण रोखणारी प्रथिनं असतात. भरती-ओहोटीचा परिणाम इतक्या आतपर्यंत पोचतो, त्यामुळे कधी बराच वेळ एक काडी हलत नाही आणि मग चार एकदम. रात्रीची पाळी मिळाली तर तीच घ्या, दिवसा पोराटोरांचा गोंगाट फार.

१९३८ साली यूजेन मायो नावाचा गावकरी नदीवर बर्फाच्या लाद्या कापत होता, तेव्हा त्याला हे मासे दिसले. तिथून हा उद्योग सुरू झाला. आज गावाचा हिवाळा त्याच्यावरच चालतो.

पऱ्याकाठचा:
म्हणजे अंड्यांनी भरलेले, गाभोळीचेच मासे मारायचे? आमच्या महाडकडे पहिल्या पावसात वळगणीला, म्हणजे मासे अंडी घालायला पऱ्यात (ओढ्यात) चढतात तेव्हा, हेच केलं. टोपल्या भरभरून चढणीचे मासे आणले, आता पऱ्यात बघायला मिळत नाहीत. परंपरा म्हटली की सगळं माफ?

खाडीकाठ:
माफ कुणी म्हटलं? पण वळगणीला आपण पऱ्या अडवून, वाटेतच सगळे उचलतो. झोपडीत गळाला लागतील तेवढेच येतात, बाकीचे खालून पुढे जातात. मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. मासा दाराबाहेर बर्फावर टाकला की बघता बघता ताठ होतो. लोक ढीग रचतात, फोटो काढतात आणि अर्धा ढीग तिथेच टाकून गाडीत बसतात. आमच्या शेजारच्या झोपडीतल्या मंडळींनी तेच केलं. मी जाऊन विचारलं, तर म्हणे साफ कोण करणार! मग धरलेत कशाला? आमच्या घरचा नियम सोपा आहे: जेवढे साफ करायची तयारी, तेवढेच धरायचे. पुढे दोऱ्या वर घ्यायच्या आणि चहा प्यायचा.

सायली_माँट्रियल:
साफ करायला सासरे आहेत. पण चवीचं राहिलंच की!

खाडीकाठ:
पांढरंशुभ्र मांस, हलकी गोडसर चव, वास जवळजवळ नाही. तिथले लोक पिठात घोळवून लोण्यात तळतात, मला ते अळणी लागतं. कात्रीने डोकं उडवा, पोट फाडा, गाभोळी निघेल ती वेगळी ठेवा. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा आंबट रस), लाल मसाला लावून थोडं मुरू द्या आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत करा. गाभोळी शेवटी टाका, तेल उडतं. आणि आगळ सासऱ्यांना येतानाच घेऊन यायला सांगा, इथे मिळतं ते निव्वळ पाणी असतं.